भीती गेली होती, मग घाटात परत कशी आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून रोज रात्री पिकअपमधून भाजीपाला वाशी मार्केटला नेणाऱ्या एका चालकाला दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात कसारा घाटात अपघात झाला. त्यानंतर घाटाचं नाव काढलं तरी त्यांना धाप लागायची. चार महिने मानसोपचार घेतले, टप्प्याटप्प्याने गाडी पुन्हा हातात घेतली. गंगापूर रोड, द्वारका चौक, विल्होळीपर्यंतचा महामार्ग, सगळीकडे ते निवांत गाडी चालवू लागले. घरच्यांना वाटलं, सुटलो. मग जुलैत पहिल्यांदा इगतपुरी ओलांडून घाटाला लागले आणि धुक्यात हातपाय गार पडले, गाडी कडेला घ्यावी लागली. त्यांची धाकटी बहीण जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. ती विचारते: उपचाराने भीतीची आठवण पुसली गेली नव्हती का? मेंदूत रेणूंच्या पातळीवर नेमकं काय होतं? पुसून टाकणारं औषध आहे का? आणि तोवर घाटाआधी दादाने घबराटीवरची अर्धी गोळी घेतली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. नाही, चालणार नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीची गोळी घेऊन रात्री लोड गाडी घाटात उतरवायची नाही. झोप आणि मंदावलेली प्रतिक्रिया हे एक कारण झालं. दुसरं कारण सरावाने भीती उतरते त्या यंत्रणेशी जोडलेलं आहे, ते पुढे येईल. मात्र ते ही गोळी आधीपासून रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका. अचानक तोडली तर फिट येऊ शकते, डॉक्टरच ती हळूहळू उतरवतात.

आता मूळ मुद्दा. धोक्याविना पुन्हा पुन्हा सामोरं जाऊन भीती उतरते, त्या प्रक्रियेला मराठी पाठ्यपुस्तकांत विलोपन म्हणतात आणि घोटाळा त्या शब्दापासूनच सुरू होतो. विलोपन म्हटलं की पाटीवरचं अक्षर ओल्या फडक्याने पुसल्यासारखं वाटतं. पण रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनीच तसं नसल्याचं दाखवलं होतं. खुणेनंतर अन्न मिळतं हे शिकलेल्या या कुत्र्यांना नुसत्या खुणेनेही लाळ सुटायची. खूण द्यायची, अन्न द्यायचं नाही, असं वारंवार केलं की लाळ गळणं थांबायचं. पण कुत्र्याला काही वेळ तसंच सोडून पुन्हा खूण दिली की लाळ परत यायची. मधल्या वेळात नवं काहीच शिकवलेलं नसायचं. पुसलेलं अक्षर आपोआप उमटत नाही. म्हणजे ते तिथेच होतं, त्यावर काहीतरी झाकलं गेलं होतं. तुमच्या दादाच्या बाबतीत विचारायचं ते हे: झाकण घातलं गेलं कुठे, आणि ते कशाला बांधलेलं आहे?

भीती बसते कशी ते आधी थोडक्यात पाहू. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींवर दोन वार्ता एकाच वेळी येतात: एक धुक्याची, ब्रेकच्या वासाची, हॉर्नची, आणि दुसरी धक्क्याची. या पेशींवरचा एनएमडीए ग्राही, म्हणजे संदेश घेणारा प्रथिनाचा दरवाजा, एरवी मॅग्नेशियमच्या आयनाने बूच मारल्यासारखा बंद असतो. ग्लुटामेट हे पेशींमधलं संदेशवाहक द्रव्य आलेलं असेल आणि पेशीही त्याच वेळी जोरात उद्दीपित असेल तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्याने काही विकरं जागी होतात, एएमपीए या दुसऱ्या जातीचे ग्राही पृष्ठभागावर वाढतात, आणि पुढच्या काही तासांत नवी प्रथिनं तयार होऊन ही वाढ पक्की होते. मग नुसत्या धुक्यानेही ती पेशी पेटते.

विलोपनात धुकं येतं, वास येतो, पण धक्का येत नाही. भीती उतरते. याचा अर्थ जुनी जोडणी झिजली, की ‘धुकं असूनही काही झालं नाही’ हे नव्याने शिकलं गेलं? नुसतं झिजायचं असेल तर शिकण्याची यंत्रणा लागायला नको. १९९२ मध्ये मायकल डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने पांढऱ्या उंदरांच्या अमिग्डालात एपी५ हे द्रव्य सोडून एनएमडीए ग्राही बंद केले आणि मग विलोपनाच्या फेऱ्या दिल्या. भीती उतरली नाही. भीती शिकायला जो दरवाजा लागतो तोच भीती सोडायलाही लागतो. हा पुरावा एकटा पुरेसा नाही हे तुम्हाला एम.एस्सी.ला कुणीतरी विचारेलच, कारण जोडणी सैल करण्याच्या काही प्रक्रियांनाही एनएमडीए लागतो. पण त्याच्या शेजारी ‘भीती परत येते’ हा वागण्यातला पुरावा ठेवला की नव्या शिक्षणाचं पारडं जड होतं.

ही नवी आठवण बसते कुठे? एक जागा कपाळामागच्या मेंदूत, मध्यरेषेच्या खालच्या भागात आहे. पोर्तो रिकोत मिलाद आणि क्वर्क या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांच्या या भागातल्या पेशींचे संदेश टिपले. विलोपन चालू असताना त्या पेशी खुणेला प्रतिसाद देत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी उंदराला ‘आता धोका नाही’ हे आठवायची वेळ आली तेव्हा त्या बोलू लागल्या, आणि ज्यांच्यात त्या जास्त बोलल्या ते उंदीर कमी घाबरले. या भागाकडून निघालेला संदेश अमिग्डालातल्या गाबा-पेशींच्या, म्हणजे इतर पेशींना शांत करणाऱ्या पेशींच्या, छोट्या छोट्या पुंजक्यांना जागं करतो असं मानलं जातं. हे पुंजके अमिग्डालाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे हृदय धडधडवणाऱ्या, घाम फोडणाऱ्या आदेशांच्या वाटेवर, ब्रेक लावतात. चालकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इंजिन तसंच चालू आहे, ब्रेक नवा बसवला आहे.

अमिग्डालातही सगळ्या पेशी एका बाजूच्या नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधक गटाने २००८ मध्ये तिथे दोन प्रकारच्या पेशी दाखवल्या: काही भीती बसताना पेटतात, तर काही विलोपनानंतर. भीतीची अवस्था म्हणजे या दोन टोळ्यांमध्ये पारडं कुणाचं जड आहे ते. इथेच बीडीएनएफ हे वाढ-प्रथिन महत्त्वाचं ठरतं. २०१० मध्ये उंदरांच्या कपाळामागच्या त्या भागात ते नुसतं सोडलं, विलोपनाची एकही फेरी दिली नाही, तरी भीती उतरली. पण नंतर धक्का देऊन पाहिल्यावर ती परत आली, म्हणजे मूळ आठवण शाबूत होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की या प्रथिनाच्या जनुकात एक ठरावीक बदल असलेले उंदीर आणि माणसं, दोघांचंही विलोपन मंद होतं. एकाच उपचाराला एक माणूस सहा बैठकांत वळणावर येतो आणि दुसऱ्याला पंधरा लागतात, त्यामागे असे घटक असतात. त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधू नये.

मेंदूने स्वतः बनवलेली कॅनाबिससदृश, म्हणजे गांजातल्या द्रव्यांसारखी, द्रव्यंही यात आहेत. सीबी१ हा त्यांचा ग्राही नसलेले उंदीर भीती नीट शिकतात, पण सोडू शकत नाहीत, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. यावरून गांजाने भीती जाते असा अर्थ काढणारे भेटतात. तसं नाही. सतत गांजा ओढल्याने हेच ग्राही कमी होतात.

‘काहीच पुसलं जात नाही’ हेही पूर्ण खरं नाही. विलोपनाच्या वेळी अमिग्डालात कॅल्सिन्युरिन हे विकर वाढतं, ते फॉस्फेट काढून घेतं, आणि काही एएमपीए ग्राही पृष्ठभागावरून आत ओढले जातात. म्हणजे जुनी जोडणी थोडी सैलही होते. किती सैल होते ते वयावर आणि वेळेवर ठरतं. उंदराचं पिल्लू साधारण सतरा दिवसांचं असताना विलोपन केलं तर भीती परत येत नाही, आठवडाभराने केलं तर येते. दरम्यान काही पेशींभोवती साखर-प्रथिनांची जाळी विणली जाते. २००९ मध्ये प्रौढ उंदरांच्या अमिग्डालात ही जाळी एका विकराने विरघळवून मग भीती शिकवली, तर ती विलोपनाने पुसता आली. पण जाळी आधी विरघळवावी लागली. भीती बसून गेल्यावर विरघळवून उपयोग झाला नाही. म्हणून ‘पुसण्याचं औषध’ म्हणून ही बातमी वाचली तर तेवढं लक्षात ठेवा. तुमच्या दादाची भीती दोन वर्षांपूर्वी बसलेली आहे.

आता घाटाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर हिप्पोकॅम्पसमध्ये आहे. जागा, वेळ, वातावरण यांचा हिशेब हा भाग ठेवतो. भीतीची आठवण उदार असते, कुठेही जागी होते. ‘धोका नाही’ ही आठवण कंजूष असते, जिथे शिकली तिथेच खात्रीने जागी होते. एका पिंजऱ्यात भीती शिकवून दुसऱ्या पिंजऱ्यात विलोपन केलं आणि पहिल्या पिंजऱ्यात परत नेलं की भीती परत येते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांनी वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला आहे. दादाचा सराव झाला कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला, कोरड्या दिवसांत, दिवसाउजेडी, रिकाम्या गाडीत. परीक्षा झाली घाटाच्या उतारावर, रात्री, पावसात, लोड गाडीत, तापलेल्या ब्रेक लायनरच्या वासात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या दृष्टीने ही वेगळीच जागा होती, आणि तिथे नवी आठवण उघडलीच नाही. उपचार फसला असं मी म्हणणार नाही. तो अर्ध्या रस्त्यात, विल्होळीला थांबला.

जागा बदलली की परत येणं हा एक प्रकार. नुसता काळ गेल्याने परत येणं, पावलोव्ह यांच्या कुत्र्यांसारखं, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे मधेच एखादा ताजा झटका बसल्याने परत येणं. हा झटका घाटातलाच असावा लागत नाही, द्वारका चौकात कुणी मागून घासलं तरी पुरतं. दादाकडे पहिला प्रकार नक्की दिसतो, दुसऱ्याचीही भर असावी. तिसरा घडला का, ते त्यांनाच विचारा.

औषधांचं बोलू. डी-सायक्लोसेरिन हे नाव तुम्ही वाचलं असेल. सायक्लोसेरिन म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात देतात तेच. जंतूमध्ये ते पेशीभित्तिका बांधू देत नाही, मेंदूत मात्र एनएमडीए ग्राहीच्या ग्लायसीनच्या जागेवर बसून तो दरवाजा किंचित जास्त उघडतं. २००२ मध्ये उंदरांत त्याने विलोपन सुधारलं. २००४ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या २८ जणांना आभासी काचेच्या लिफ्टमधून नेण्याच्या दोन बैठकांपूर्वी ५० किंवा ५०० मिलिग्रॅमची गोळी दिली, आणि नुसत्या बैठका घेतलेल्यांपेक्षा त्यांची भीती जास्त उतरली. पुढच्या अनेक अभ्यासांत मात्र हा फायदा लहानच निघाला, आणि त्याचं एक कारण फार शिकवून जातं. बैठक संपताना भीती उतरलेली असेल तर औषध ते शिक्षण पक्कं करतं. भीती चढलेलीच असेल तर तेही पक्कं करू शकतं. शिवाय क्षयाच्या डोसमध्ये, म्हणजे प्रौढांना दिवसाला साधारण ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, महिनोन्महिने घेतल्यावर फिट येणं, भ्रम होणं, नैराश्य असे त्रास या औषधाने होतात. क्षयाच्या कुणा रुग्णाच्या डब्यातली गोळी ‘करून पाहू’ म्हणून घ्यायची नाही.

दुसरं नाव ऐकाल ते पुनर्घट्टीकरणाचं. २००० साली नादेर, शाफे आणि लेदू यांनी दाखवलं की आठवण जागी केली की ती काही काळ मऊ होते आणि पुन्हा पक्की व्हायला नवी प्रथिनं लागतात. त्यावरून २००९ आणि २०१० मध्ये उंदरांत आणि मग माणसांत अशी पद्धत निघाली: एकदा आठवण करून द्यायची, साधारण दहा मिनिटं थांबायचं, मग विलोपनाचा सराव करायचा. सहा तासांनी केला तर फरक दिसला नाही. इतर ठिकाणी हे प्रयोग पुन्हा केले तेव्हा निकाल मिश्र आले. दहा मिनिटं थांबण्याने नुकसान नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

मग व्यवहारात उरतं काय? सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारखी रोजची औषधं अपघातोत्तर आघाताच्या आजारात देतात. २०११ मध्ये उंदरांत दिसलं की फ्लुओक्सेटिन आणि विलोपनाचा सराव दोन्ही मिळून भीती टिकाऊपणे उतरली, एकट्या औषधाने नाही, एकट्या सरावानेही नाही. औषध दिलं तरी सराव सुटत नाही, हा त्यातला कामाचा भाग.

आणि ती अर्धी गोळी. विलोपन घडतं ते अपेक्षा खोटी ठरल्यामुळे. ‘आता ब्रेक जाणार’ असं मन म्हणतं, ब्रेक जात नाही, त्या क्षणी डोपामिनच्या पेशी ‘अंदाज चुकला’ असा इशारा देतात आणि शिकणं सुरू होतं. गोळीने ती अपेक्षाच बोथट होते, मग चुकायला काही उरत नाही. वर मेंदू श्रेय गोळीला देतो: गोळी होती म्हणून वाचलो. गोळी हीच एक नवी जागा बनते आणि गोळीविना घाट तसाच भयंकर राहतो. सरावानंतरच्या दारूचंही थोडंफार तसंच. ती झोपेतला स्वप्नांचा टप्पा बिघडवते आणि आठवण पक्की होण्यात झोपेचा मोठा वाटा आहे. तुमचे दादा रात्री जागतात म्हणून हे मुद्दाम सांगतो. रात्रभराच्या फेरीवरून आल्या आल्या सराव करू नये. आधी झोप, मग सराव, मग पुन्हा पुरेशी झोप.

सराव कसा बांधायचा ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: अपघातात कुणी दगावलं होतं का, डोक्याला मार होता का, अपघात झोपेत डोळ्यासमोर परत परत येतो का, दारू वाढली आहे का. यातलं काही असेल तर घरच्या घरी काही करू नका. ज्यांनी आधी उपचार केले त्यांच्याकडेच परत जा, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जगणं नकोसं वाटतं असं बोलले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

यातलं काही नसेल तरी सराव उपचारकाच्या देखरेखीखालीच व्हावा. आमचा क्रम असा असतो. आधी गाडी तपासायची: लायनर, ब्रेक ऑइल, टायर, वायपर. ब्रेक खरोखर कमजोर असतील तर ती भीती खोटी नाही. मग अपेक्षा कागदावर लिहायची, नेमकी: ‘पहिल्या वळणानंतर ब्रेक लागणार नाही, शंभरात ऐंशी.’ ‘मला भीती वाटेल’ असं लिहून चालत नाही, कारण ती वाटणारच आणि अंदाज खरा ठरेल. पहिल्या फेऱ्या शेजारच्या सीटवर बसून, दिवसा, कोरड्या रस्त्याने, अनुभवी चालकाबरोबर. नंतर स्वतः चालवत, रिकामी गाडी. उतरून आल्यावर कागद काढायचा: काय होणार होतं, काय झालं, आता शंभरात किती. भीती शून्यावर यायची वाट पाहू नका, पण ती शिगेला असताना फेरी अर्धवट सोडून पळूही नका. हात थरथरायला लागले तर रुंद जागी, इंडिकेटर देऊन थांबायचं, भीती उतरू द्यायची, मग पुढे. एका दिवसात दहा फेऱ्यांपेक्षा एक-दोन दिवसांच्या अंतराने एकेक फेरी जास्त टिकते.

इथे एक गफलत नेहमी होते. भीतीची कुबडी आणि चालकाची खबरदारी यात फरक करावा लागतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणं, न्यूट्रल न करणं, लायनर तापले तर थांबून गार होऊ देणं, हे कायम ठेवायचं. हँडब्रेकवर सतत हात ठेवणं, बायकोला फोन चालू ठेवणं, ठरावीक ताईत असल्याशिवाय न निघणं, पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून जाणं, या कुबड्या आहेत. त्या एकेक करून सोडायच्या, नाहीतर मेंदू श्रेय त्यांना देतो.

त्यानंतर बदल वाढवायचे, आणि हाच भाग दादाच्या उपचारात राहून गेला. लोड गाडी. संध्याकाळ. रात्र. हलका पाऊस. धुकं. फक्त कसारा नको, सिन्नरच्या वाटेवरचा मोहदरी घाट, पेठ रस्त्यावरचा सावळघाट, चांदवडच्या पुढचा राहुड घाटही घ्या. जितक्या वेगवेगळ्या जागी ‘काही झालं नाही’ हे शिकलं जाईल, तितकी ती आठवण एका जागेला कमी बांधली जाते. घाटाला लागण्याआधी इगतपुरीला दोन मिनिटं थांबून मागच्या यशस्वी फेरीची आठवण करायची, कागद खिशात असेल तर उत्तम. झाकलेली नवी आठवण उघडायला अशी खूण मदत करते. आणि दर वर्षी जूनच्या आधी, पाऊस नसताना, एक-दोन उजळणीच्या फेऱ्या, कारण आठ महिन्यांच्या खंडात भीती आपोआप थोडी वर येते.

नवा झटका बसला, समजा गाडी घसरली आणि सावरली, तर त्याच रात्री ‘लगेच परत चालव म्हणजे भीती बसणार नाही’ असा आग्रह धरू नका. उंदरांत भीती बसल्यावर पंधरा मिनिटांत केलेलं विलोपन टिकलं नाही, चोवीस तासांनी केलेलं टिकलं. त्या धामधुमीत कपाळामागचा भाग आपलं काम नीट करत नाही. त्या रात्री गाडी दुसऱ्याच्या हातात द्या, दादाला घरी आणून झोपवा. दोन-तीन दिवसांनी रिकामी गाडी घेऊन, कोरड्या दुपारी, कुणाला तरी शेजारी बसवून, इगतपुरी ते कसारा एक फेरी करा आणि खिशातला कागद पुन्हा भरा.